गहू किती पेरायचा, ते खड्डा ठरवतो

शेणखत टाकलं आणि युरिया बंद केला की शेत जैविक झालं, अशा समजुतीवर सुरुवात केली की पहिल्याच रब्बीत गहू पिवळा पडतो आणि जानेवारीत माणूस युरियासाठी पुन्हा सोसायटीच्या रांगेत उभा असतो. इंदूरजवळच्या सांवेर, देपालपूरकडे हे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शेतात दिसतं. मग तोच शेतकरी सांगत फिरतो की जैविक वगैरे सगळं पुस्तकी आहे. जैविकवाले म्हणतात, त्याची श्रद्धा कमी पडली. हिशेब दोघांनीही केलेला नसतो.

आमची जमीन सांवेर तहसिलीतली, काळी आणि भारी. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू नाहीतर हरभरा. रासायनिकातून जैविकात येताना तिथे काय काय करावं लागलं ते इथे मांडतो आहोत. त्यातला मोठा भाग खताच्या खड्ड्याचा आहे, कारण बाकीचे निर्णय त्याच्यावरच अवलंबून राहतात.

पद्धत शोधायला लांब जावं लागलं नाही. जगात ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखलं जाणारं कंपोस्ट आपल्याच इंदुरात, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात, तयार झालं. १९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या जागेवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री सुरू झाली. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक, आणि रसायनशास्त्राची बाजू यशवंत वाड यांच्याकडे. दोघांनी मिळून १९३१ साली ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आलेले गांधीजी तिथलं काम बघायला गेले होते. हॉवर्ड पुढे जगभरच्या जैविक शेतीवाल्यांचे आद्यपुरुष ठरले. वाडांचं नाव मात्र इंदुरातल्या मराठी घरांतही क्वचितच कुणाला ठाऊक असतं.

पद्धतीत गूढ काही नाही. काडीकचरा आणि शेण-मूत्र यांची अशी मिसळ करायची की कर्ब (कार्बन) आणि नत्राचं (नायट्रोजनचं) प्रमाण सुरुवातीला ३३ ला १ च्या आसपास येईल. हवा आणि ओल सांभाळली की साधारण तीन महिन्यांत ते १० ला १ च्या जवळ उतरतं. गव्हाच्या काडात हे प्रमाण ८० ते १०० ला १ असतं, शेणात २० ते २५, कोवळ्या हिरव्या तणात १५ ते २०. म्हणून नुसत्या गव्हांड्याने भरलेला खड्डा महिनोन्महिने पिवळाच राहतो, आणि नुसतं हिरवं गवत चार दिवसांत चिकट होऊन घाण मारतं. सोयाबीनचा भुसा, गव्हांडा, पाला, बांधावरचं गवत, तुराट्या असं सगळं थोडं थोडं हवं. कुठलीही एक वस्तू वरचढ होऊ द्यायची नाही. हिरवं असेल ते दोन दिवस उन्हात मरगळू द्यावं. तुराट्या आणि पऱ्हाट्या आधी चेचाव्या लागतात. संस्थेत त्या शेतातल्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चेचून घेत. आता वरून ट्रॅक्टर दोन-चारदा फिरवला की झालं. न चेचलेली तुराटी तीन महिन्यांनी खड्ड्यातून जशी गेली तशी बाहेर येते.

गाजरगवत फुलण्याआधी उपटलेलं असेल तरच घ्यायचं. हरळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी अजिबात नको. खड्ड्याच्या मध्यभागी त्या मरतील, पण कडेला ऊब कमी असते आणि तिथल्या गाठी खतासोबत सगळ्या शेतात पोचतात.

नत्रासाठी लोक शेणाकडे बघतात आणि मूत्र नालीत सोडतात. जनावर जेवढा नत्र बाहेर टाकतं त्यातला साधारण निम्मा मुतात असतो. हॉवर्ड-वाडांच्या गोठ्यात खाली मातीच असे; वरची सहा इंच माती दर तीन-चार महिन्यांनी खणून काढायची, बारीक करून खड्ड्यासाठी कोरडी ठेवायची आणि गोठ्यात नवी माती भरायची. ही मूतमाती म्हणजे या पद्धतीचं इंजिन. गोठा सिमेंटचा असेल तर जनावरांखाली रोज भुसा अंथरावा, तो मूत पिऊन घेतो. पाण्याने गोठा धुणं दिसायला छान, पण खताच्या दृष्टीने तो रोजचा तोटा आहे. याशिवाय लाकडाची राख लागते, थरावर भुरभुरवण्याएवढीच. दगडी कोळशाची राख चालत नाही.

मूळ खड्डा तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन फूट खोल, बाजू उतरत्या. खोली दोन फुटांपलीकडे नेण्याचा मोह होतो, जागा वाचते म्हणून. पण तेवढ्याच खोलीपर्यंत हवा नीट पोचते. चार फूट खोल खड्ड्यात खालचं दोन फूट नुसतं आंबतं, खत होत नाही. आम्ही रुंदी निम्मी, म्हणजे सात फूट ठेवली, कारण दोन माणसांना काठावरून पंजाने पालटता येतं. जागा उंचवट्यावर, गोठा आणि पाणी दोन्ही जवळ, जमलं तर झाडाच्या सावलीत.

भरताना एका टोकाचे पाच फूट रिकामे सोडायचे, पालटताना माल सरकवायला. तळाशी काडीकचऱ्याचा तीन इंच थर, दाबायचा नाही. त्यावर मूतमाती आणि राख भुरभुरवायची, मग शेणकाला शिंपडायचा, मग पाणी. पुन्हा काडी. शेणकाल्यात ताजं शेण, थोडी मूतमाती आणि दहा-पंधरा दिवस आधी भरलेल्या खड्ड्यातलं बुरशी धरलेलं पसाभर साहित्य कालवावं. पहिल्याच खड्ड्याला ते मिळणार नाही, तेव्हा जुन्या उकिरड्याच्या पोटातलं घ्यावं. आकारमानाने काडीकचरा तीन ते चार भाग असेल तर शेण एक भाग पुरतं. खड्ड्याचा भरायला घेतलेला भाग शक्यतो एकाच दिवशी भरून संपवावा. रोज टोपलीभर टाकत महिनाभर भरलेला खड्डा तापतच नाही, आणि तापला नाही तर तणाचं बी मरत नाही. भरून झालं की पहारीने दर चार फुटांवर तळापर्यंत भोकं पाडायची. आमच्या मापाच्या खड्ड्याला पहिल्या भरणीत साधारण दोन हजार लिटर पाणी जातं; मूठभर माल पिळल्यावर हात ओला व्हावा पण धार लागू नये, एवढी ओल.

दोन-तीन दिवसांत आतलं तापमान ६०-६५ अंशांवर जातं. थर्मामीटर नसला तरी अडत नाही: पहार आत खुपसून दहा मिनिटांनी काढायची, तिचं टोक हातात धरवत नसेल तर ठीक चाललं आहे. कोमट लागली तर एकतर पाणी कमी आहे नाहीतर शेण. पहिली पालट दोन ते तीन आठवड्यांनी, दुसरी पाचव्या आठवड्याच्या सुमारास, तिसरी दोन महिन्यांनी. प्रत्येक वेळी कडेचा माल मध्ये आणि मधला कडेला, शिवाय लागेल तसं पाणी. पहिल्या पालटीत पांढऱ्या बुरशीचे धागे सगळीकडे दिसले पाहिजेत. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नत्र हवेत चाललाय, गव्हांडा आणि माती मिसळायची. कुजका, गटारासारखा वास म्हणजे हवा कोंडली. त्याच दिवशी पालटायचं, तारखेची वाट बघायची नाही. माशा घोंगावत असतील तर वरचा थर थंड आहे, त्याच्यावर दोन बोटं माती पसरावी.

तयार खत गार असतं, काळपट तपकिरी, बोटांत काडी चुरडली जाते आणि पावसाळी मातीचा वास येतो. याच्या आधी घाई करून शेतात टाकलं तर दोन नुकसानं ठरलेली. अर्धवट कुजलेली काडी जमिनीतलाच नत्र स्वतःकडे ओढून घेते, म्हणजे खत घालूनही पीक पिवळं. आणि अर्धकच्च्या शेणासोबत हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. जैविकात हुमणी वाढते, ही तक्रार नेहमीची आहे. खोदून पाहिलं तर बहुतेक ठिकाणी उकिरड्यातलं कच्चं शेण थेट टाकलेलं असतं.

माळव्यात खरी अडचण वेळापत्रकाची आहे. सोयाबीनचा भुसा ऑक्टोबरात हाती येतो. तेव्हा भरलेला खड्डा जानेवारी-फेब्रुवारीत तयार होतो, पण ते खत गव्हाला उशिराचं. गव्हांडा मार्च-एप्रिलमध्ये, तोही कंबाईनने कापणी केली तर नरवाई, म्हणजे कापून उरलेली धसकटं, शेतातच उभी, ती स्ट्रॉ रीपरने गोळा करावी लागते. ती जाळणं सोपं म्हणून लोक जाळतात, बंदी असूनही. उन्हाळ्यातला खड्डा भरायला भुसा मुबलक, पण तेव्हाच बोअरचं पाणी आटतं. आम्ही मुख्य भरणी दिवाळीनंतर करतो, ते खत गव्हांड्याने झाकून सावलीत ठेवतो आणि त्यातलं थोडं जूनमध्ये, बहुतेक ऑक्टोबरात गव्हाआधी वापरतो. शेतात ढीग टाकून पसरायचं आणि त्याच दिवशी बखरायचं. उन्हात आठवडाभर पसरलेलं खत निम्मं मोल गमावतं. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरतात म्हणून जमिनीवरच ढीग करायचे: तळाशी आठ बाय आठ, वर सात बाय सात आणि उंची दोन फूट. हे मापही संस्थेचंच.

आता हिशेब. आमच्या मापाच्या एका खड्ड्यातून साधारण तीन टन तयार खत निघतं. त्यात ४० टक्के ओल धरली तर कोरडं एक टन ८०० किलो, आणि नत्र एक टक्का धरला तर १८ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नत्र असतो, आणि ती गोणी मिळते २६६ रुपये ५० पैशांना. म्हणजे तीन महिन्यांचा, तीन पालटींचा अख्खा खड्डा नत्राच्या बाबतीत एका गोणीलाही भारी पडत नाही. शिवाय युरियाचा नत्र लगेच मिळतो. कंपोस्टातला पहिल्या हंगामात फार तर तिसरा हिस्सा सुटतो. रासायनिकवाल्यांचा हा मुद्दा बिनतोड आहे आणि जैविक प्रशिक्षणांत तो सहसा गाळला जातो. त्याला उत्तर एवढंच की युरियाची ती किंमत सरकारी अनुदानाने खाली ठेवलेली आहे, आणि खड्ड्यात स्फुरद, पालाश, जस्त व कर्ब असतो, गोणीत फक्त नत्र.

कर्बाचंही फार लवकर कौतुक नको. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कमी, ०.७५ च्या वर असेल तर जास्त धरतात. एका हेक्टरच्या वरच्या सहा इंचांत सुमारे २२०० टन माती असते, म्हणजे कर्ब नुसता ०.१ टक्का वाढवायला २.२ टन कर्ब जमिनीत टिकायला हवा. एकरी पाच टन कंपोस्टने हेक्टरी पाऊण टनाच्या आसपास कर्ब पडतो आणि त्यातला बराचसा जिवाणू खाऊन हवेत सोडतात. दोन वर्षांत मातीच्या अहवालात आकडा उडी मारेल, असं सांगणाऱ्याकडून काही विकत घेऊ नये.

जीवामृताचंही तसंच. एकरी २०० लिटर पाण्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. शेणातून ४० ग्रॅम, गोमूत्रातून ८०-१०० आणि बेसनातून ७० असा एकूण नत्र पावशेराच्या आत. बागायती गव्हाची शिफारस हेक्टरी १२० किलो, म्हणजे एकरी ४८ किलो नत्राची. जिवाणूंसाठी जीवामृत द्यायचं तर द्यावं, पण ते खताच्या जागी धरलं की सुरुवातीला सांगितलेला पिवळा गहू हमखास.

सगळ्यात जास्त मार गव्हालाच का बसतो, तेही याच्यातूनच कळतं. कंपोस्टातला नत्र जिवाणू सोडतात आणि त्यांना ऊब लागते. गव्हाला नत्र हवा असतो पहिल्या पाण्यापासून, म्हणजे पेरणीनंतर एकवीस दिवसांच्या सुमारास, ते कांडी धरेपर्यंत. नेमक्या त्याच डिसेंबर-जानेवारीत माळव्याची रात्र गारठलेली असते. सोयाबीन उबदार, ओल्या जमिनीत वाढतं आणि मुळांवरच्या गाठींतून स्वतःचा नत्र स्वतः घेतं. शेजारच्या खरगोन जिल्ह्यात २००७ पासून चालू असलेल्या दीर्घकालीन प्रयोगात हेच दिसलं. पहिल्या दोन वर्षांत जैविक कपाशीचं उत्पादन २९ टक्क्यांनी आणि गव्हाचं २७ टक्क्यांनी कमी. सोयाबीनचं फक्त एक टक्का. पुढच्या दोन वर्षांत कपाशी आणि गव्हातला फरक मिटला, पण कारण नीट वाचावं: रासायनिक प्लॉटांचं उत्पादन खाली आलं होतं. खर्च कमी असल्याने त्या दोन वर्षांत जैविकाची चालू खर्च वजा जाता मिळकत २५ टक्क्यांनी जास्त निघाली. पहिल्या दोन वर्षांत मात्र रासायनिकाची २९ टक्क्यांनी जास्त होती. दोन्ही बाजू या प्रयोगातलं आपल्याला हवं ते अर्धंच सांगतात.

यावरून आमची पीकरचना ठरली. दहा एकर आणि पाच-सहा जनावरं असतील तर वर्षाला वीस-पंचवीस टन कंपोस्ट होतं. गव्हाला एकरी आठ टन द्यायचं तर तीन एकर गहू, बाकी सगळा हरभरा. आठ टनांतून पहिल्या हंगामात १६ किलोच्या आसपास नत्र सुटतो, २०० किलो एरंडी पेंडीतून आणखी आठ-नऊ किलो. पेंड पेरणीआधी आठ-दहा दिवस ओल्या मातीत मिसळायची. उरलेली तूट सोयाबीनच्या पालापाचोळ्याने आणि मागच्या वर्षांच्या शिल्लक खताने हळूहळू भरून निघते. तोवर उत्पादन कमी येणारच. कठिया, म्हणजे रव्याच्या कडक गव्हात नत्र कमी पडला की काचेसारख्या दाण्यावर पिवळट, पिठूळ डाग येतात आणि रव्या-दलियासाठी घेणारा व्यापारी तेवढ्यावर भाव पाडतो. म्हणून पहिली दोन वर्षं कठिया न घेतलेला बरा. सोयाबीनमागे हरभरा वर्षानुवर्षं त्याच तुकड्यात घेतला तर मर रोग बसतो. गव्हाचे तीन एकर दरवर्षी सरकवत न्यावेत आणि हरभऱ्याच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी लावावी. सगळेच असं करू लागले तर देशाचा गहू कमी होईल, हा आक्षेप खरा आहे. शेण वाढवल्याशिवाय त्याला आमच्याकडे उत्तर नाही.

शहराच्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट आणून भरपाई करता येते का, असं इंदुरात हमखास विचारतात. आणण्याआधी तपासणी अहवाल मागावा: खत नियंत्रण आदेशात शिशाची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ५ मिलिग्रॅम आहे. जैविकाचं प्रमाणपत्र हवं असेल तर हमी देणाऱ्या गटाला आधी विचारावं.

प्रमाणपत्राचे रस्ते दोन. निर्यात करायची तर अपेडाच्या (शेतमालाची निर्यात बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या) चौकटीतलं तिसऱ्या पक्षाचं प्रमाणन, नाहीतर शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची हमी घ्यायची पीजीएस. पीजीएसला किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो. शपथपत्र, शेताचा नकाशा, पिकांचा आणि निविष्ठांचा इतिहास भरायचा, मग गटातलेच शेतकरी येऊन शेत तपासतात. रूपांतराच्या काळात पीजीएस ग्रीन आणि पुरा काळ झाल्यावर पीजीएस ऑर्गॅनिक. हंगामी पिकांना दोन वर्षं, फळबागांना तीन. तपासणी अडते ती नेहमी त्याच गोष्टींवर: शेजाऱ्याच्या फवारणीचा वारा, वरच्या शेतातून वाहून येणारं पाणी, आणि भाड्याचं कंबाईन. बांधाला लागून दोन-तीन मीटर पट्टा सोडावा किंवा त्यातला माल वेगळा विकावा. कंबाईनमधून आपल्या शेतातलं पहिलं पोतंभर धान्य वेगळं काढावं, कारण त्यात आधीच्या शेतातला गहू मिसळलेला असतो. पावत्या फेकू नयेत; पेंडीची पावती नसेल तर पेंड घातली होती हे सिद्ध होत नाही.

रूपांतराच्या या दोन वर्षांत माल मंडीत सगळ्यांच्याच भावाने जातो. बहुतेक जण इथेच गळतात. तेवढा तोटा सोसायची तयारी नसेल तर एकदम सगळी जमीन घेऊच नये.

घरपोच गहू घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, हा जास्त पौष्टिक का? २०१२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पोषणात ठळक फरक दिसला नाही. कीडनाशकांचे अंश जैविक मालात कमी आढळले. २०१४ साली न्यूकॅसल विद्यापीठाच्या नेतृत्वाखालच्या आढाव्यात अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी निघालं, पण प्रथिनंही कमी. प्रथिनांचं कारण वर आलंच आहे: दाण्यातलं प्रथिन म्हणजे नत्रच. तेव्हा फवारणी नाही हे छातीठोक सांगावं, जास्त ताकद असते असं सांगू नये.

आपल्याकडे वर्षाचा गहू एप्रिल-मेमध्ये भरायची रीत आहे, ती इथे कामी येते. ओल १२ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत कडक ऊन द्यायचं आणि पाऊस लागण्याआधी बहुतेक माल ग्राहकाच्या कोठीत पोचवायचा. एरंडेल चोळायचं ते त्याने घरी चोळावं. जूननंतर आपल्याकडे उरलेला गहू ही खरी डोकेदुखी, कारण कीड लागली की बाकीचे लोक गोदामात सेल्फॉसच्या विषारी धुरीच्या गोळ्या ठेवतात आणि आपल्याला ते चालत नाही. हवाबंद पिशव्या लागतात, आणि त्यांना उंदराने एक भोक पाडलं तरी आतला माल पुन्हा उन्हात काढावा लागतो.